पाळणाघर अभ्यास उपसमिती

८ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलंय. दुकानात टेबलफॅन घेऊन आलेल्या एका वकिलानं सल्ला दिला की सार्वजनिक माणसानं रोजचं रोज टिपून ठेवावं, उद्या कोण कशावर बोट ठेवेल सांगता येत नाही. मी सार्वजनिक माणूस झालो तो गेल्याच आठवड्यात. जळालेल्या मोटारींना नवी तार भरणारा माणूस नगरसेवक होतो, ही काही लहानसहान गोष्ट नाही. समोरचा उमेदवार दोनदा निवडून आलेला होता. आता घरी बसून माशा मारतोय.

ही शेजारी बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "वहिनींनी निवडून आणलंय तुम्हाला, तेही लिहा."

लिहितो की. माझं कुणाशी वाकडं आहे? वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. नगरपरिषदेच्या इमारतीत तळमजल्यावर, फाटकातून शिरल्याबरोबर डाव्या हाताला जी खोली आहे, तिथे वहिनी पाळणाघर चालवतात. पहाटे रस्ते झाडायला निघणाऱ्या बायका पोरं तिथे ठेवतात आणि दुपारी घेऊन जातात. या बायकांनीच झाडता झाडता दारोदार माझं नाव सांगितलं. हे खरं आहे.

त्याचं कारणही लिहून ठेवतो. अध्यक्षांना ती खोली अभ्यागत कक्षासाठी हवी आहे. म्हणजे भेटायला येणाऱ्या लोकांना बसायला सोफे, काचेचं टेबल, भिंतीवर मागच्या अध्यक्षांच्या तसबिरी. पोरांचं काय, तर पर्यायी व्यवस्था. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. वहिनींनी मला उभं केलं ते एवढ्यासाठीच. निकालाच्या दिवशी पेढे वगैरे राहिले बाजूला, मला म्हणाल्या, "भावजी, मला तुमच्याकडून दुसरं काही नको. गटारं तुंबू द्या, दिवे जाऊ द्या. खोली तेवढी राखा."

मी पाळणाघरात जाऊन सगळ्या बायकांसमोर शब्द दिला. मी आहे तोवर या खोलीला कुणी हात लावून दाखवावा, असं म्हणालो. बोलताना अंगावर काटा आला माझ्या. एक उंच बाई होती, कडेवर नुकती पावलं टाकायला शिकलेली मुलगी. ती म्हणाली, "तुमच्यावर सोडलंय साहेब." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला साहेब म्हणालं.

१९ जानेवारी

पहिली सभा. लिहायला बसलोय, पण इतका आनंद झालाय की कुठून सुरुवात करू कळत नाही.

आधी सभेची गंमत लिहितो. सचिव विषय वाचायला लागतो, "विषय क्रमांक तीन, पश्चिमेकडील नाल्याच्या..." की काका म्हणतात, "वाचला असं समजा." काका म्हणजे सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. अध्यक्षसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. ते बोलले की सगळे टेबलावर बोटं वाजवतात, झाला विषय मंजूर. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत नाला, दिव्याचे खांब आणि मोकाट कुत्री असे तीन विषय उरकले होते. मतदान कधी होतच नाही म्हणे. काकांनी मला कानात सांगितलं, "आपल्याकडे एकमताची परंपरा आहे. हात वर करायची वेळ येणं हे सभागृहाला शोभत नाही."

आला अभ्यागत कक्षाचा विषय. काकांनी तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण बोललो मात्र खणखणीत. आयांबद्दल बोललो, पहाटेच्या थंडीबद्दल बोललो, पोरांच्या पाळण्यांवर सोफे ठेवणार का, असं विचारलं. आता अध्यक्ष माझ्यावर तुटून पडणार, अशा तयारीत मी उभा होतो.

अध्यक्ष हसले. म्हणाले, "नवीन सदस्यांच्या तळमळीचं मला कौतुक वाटतं. अभ्यागत कक्षाचा विषय मी मागे घेतो." माझा विश्वासच बसेना. पुढे म्हणाले, "पाळणाघराचा प्रश्न एकदा कायमचा सोडवू. त्यासाठी अभ्यास उपसमिती नेमू. सभापती अर्थात तुम्हीच." टेबलं वाजली. काकांनी माझी पाठ थोपटली.

पाळणाघरात जाऊन सांगितलं तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी हिला सांगितलं. हिनं विचारलं, "समितीत आणखी कोण?"

"काका, आणि अध्यक्षांचे साडू."

"मग तुम्ही कशाला?" ही म्हणाली.

बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतं, हे काही आजचं नाही.

३ फेब्रुवारी

समितीला बसायला जागा नाही. पहिली बैठक उपाहारगृहात झाली. शेजारच्या टेबलावर दोन कंत्राटदार मोठमोठ्यानं हसत होते. काका म्हणाले, "सभापती, हे बरं दिसत नाही. समितीला काही प्रतिष्ठा असते." साडू म्हणाले, वरचा मजला भरलेला आहे, अभिलेख कक्षात वाळवी लागली आहे, जिन्याखाली सायकली असतात.

मला एकदम सुचलं. मी म्हणालो, "पाळणाघराचा अभ्यास करायचा तर पाळणाघरातच बसू की. कोपऱ्यात एक टेबल टाकलं तरी पुरे. डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल."

काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "इतकी वर्षं या सभागृहात काढली, पण असं कुणाला सुचलं नाही." तसा ठरावही केला, सूचक मी.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून हो म्हणते. टेबल दाराजवळ नको, पोरं आपटतात." मी टेबल स्वतः उचलून खिडकीशी लावलं. खिडकीखाली पाळणे होते, ते जरा सरकवले.

११ फेब्रुवारी

टेबलापाठोपाठ चार खुर्च्या आल्या. मग कागद ठेवायला लोखंडी कपाट. आज दारावर पाटी लागली, 'सभापती, पाळणाघर अभ्यास उपसमिती.' पांढऱ्यावर निळी अक्षरं. लहान पोरासारखा दोनदा बाहेर जाऊन वाचून आलो. दादा असता तर त्यानं आधी खिळे ठोकणाऱ्याला शिव्या दिल्या असत्या, पाटी डावीकडे कललीय म्हणून, आणि मग सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली असती.

२० फेब्रुवारी

बैठकीत पोरं फार गोंधळ घालतात. साडूंच्या मांडीवर एकानं पातळ भात सांडला. काका प्रेमळ आहेत, ते पोराला खडीसाखर देतात, पण एकदा कपाटाचं दार एका पोरीच्या बोटावर आपटता आपटता राहिलं. मुलांच्या सुरक्षेसाठी मध्ये प्लायवूडची आडभिंत घालावी असं ठरलं. दोनच दिवसांत घातली. एरवी फाटकाची बिजागरी बदलायला नगरपरिषदेला वर्ष लागतं, पण आमच्या समितीचं काम कसं चटकन होतं.

खोलीला पंखा एकच. तो आमच्या बाजूला आला. त्याला कोण काय करणार, तो तिथेच होता. वहिनींना सांगितलं, दुकानातून एक छोटा आणून लावतो पलीकडे. नळ त्यांच्या बाजूला राहिला, म्हणजे हिशेब सरळ झाला. शिपाई आमचे चहाचे कप तिथे विसळतो, तेवढंच.

ही हल्ली पहाटे उठून फिरायला जाते. तब्येतीला चांगलंच आहे.

२७ फेब्रुवारी

आज दुपारी मोजून बघायची सोय नव्हती, इतकी माणसं मला भेटायला आली होती. कुणाला नळजोड हवाय, कुणाच्या भावाला बदली. एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या कागदांसाठी आले होते, त्यांना बसायला खुर्ची नव्हती. अध्यक्ष जाता जाता डोकावले आणि लगेच वरून एक बाकडं पाठवून दिलं. बघा, माणूस वाईट नाही. बाकडं मावेना म्हणून आडभिंत दोन हात पलीकडे सरकवली.

जेवताना हे सगळं हिला उत्साहानं सांगितलं. ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे अभ्यागत कक्ष झालाच की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धवट जेवून उठलो. लोकांची कामं करणं आणि सोफे टाकून मिरवणं यात फरक असतो, हे हिला कोण समजावणार?

५ मार्च

किल्लीची कटकट.

कपाटात समितीचे कागद आहेत. मुख्याधिकारी म्हणाले, कार्यालयीन कागद असलेली खोली कुलपात हवी आणि किल्ली शिपायाकडेच हवी, असा नियम आहे. वहिनींकडची किल्ली काढून घेतली. शिपाई येतो कचेरी उघडायच्या वेळेला. बायका येतात त्याच्या किती तरी आधी, अंधारात. मग वहिनी पोरांना घेऊन बाहेर पायरीवर बसतात.

आज दुकानात आल्या. वहिनी दुकानात येत नाहीत कधी. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भावजी, किल्ली."

मी म्हणालो, "समितीपुढे ठेवतो विषय."

"समिती म्हणजे तुम्हीच ना?"

"मी एकटा नाही, तिघं आहोत. सभापतीनंच नियम मोडला तर उद्या सगळे म्हणतील, घरच्यांसाठी केलं."

वहिनींनी काउंटरवर पडलेला तारेचा तुकडा उचलला, गुंडाळला, परत ठेवला. म्हणाल्या, "मग लवकर बसा बाबा. थंडी आहे, पोरं शिंकायला लागलीत." आणि गेल्या.

मनाला लागलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. उगाच माझ्याकडे कुणी बोट दाखवायला नको.

१४ मार्च

बैठक झाली नाही. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन. साडू बाहेरगावी. एकट्यानं बैठक होत नाही, सचिवांना दोनदा विचारलं.

शिपायाला खासगीत म्हणून पाहिलं की बाबा, किल्ली रात्री वहिनींकडे ठेवून जात जा. तो म्हणाला, "लेखी द्या, साहेब." लेखी देणार होतो. मग वाटलं, काका येऊ देत, आठवड्याचा तर प्रश्न आहे.

पलीकडचा पंखा लावायचा राहून जातोय.

२३ मार्च

देवा.

सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा समोरचा दूधवाला ओरडत आला. त्या उंच बाईची मुलगी. पायरीवरून उतरून अंगणात गेली. कचऱ्याच्या गाड्या पहाटे तिथूनच बाहेर पडतात. गाडी मागे येत होती. वहिनींच्या मांडीवर एक तान्हं होतं आणि दुसरं पदराला धरून रडत होतं. त्या उठेपर्यंत झालं.

दवाखान्यात गेलो. पाऊल चेंगरलंय. जीव वाचला, पाऊल राहील, पण सरळ पडणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मी बिस्किटांचा पुडा नेला होता. का नेला कुणास ठाऊक, रिकाम्या हातानं जावंसं वाटेना. तिची आई बाकावर बसली होती, झाडायचा कोट अंगावरच होता. मी पुडा पुढे केला तर तिनं घेतला आणि शेजारी ठेवून दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ही त्यांचा हात धरून होती. ही तिथे माझ्या आधी कशी पोचली, ते विचारायचं राहिलं.

२६ मार्च

काका डोळ्याला हिरवी झापडं लावून आमच्या घरी आले. चहा घेतला. माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "सभापती, लोक विचारायला लागलेत. खोलीला कुलूप का होतं? समितीचे कागद होते म्हणून. समिती कुणाची?" एवढं बोलून चहा पीत बसले.

मी म्हणालो, "नियम मुख्याधिकाऱ्यांचा होता."

"नियम त्यांचा. कपाट तुमचं. तिथे बसायचा ठरावही तुमचाच, सूचक म्हणून सही आहे." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका हो, आम्ही आहोत. अहवाल तेवढा लवकर देऊन टाकू. जिथे रोज गाड्या वळतात, तिथे लहान मुलं ठेवणं मुळातच चूक होतं, हे तुम्हालाही पटतंय ना?"

खरं सांगू? पटलं. कुणालाही पटेल. त्या पोरीचं पाऊल डोळ्यासमोर आणलं तर कोण म्हणेल की जागा सुरक्षित आहे?

२ एप्रिल

अहवालाचा मसुदा काकांनीच लिहून आणला. 'सदर जागा बालकांसाठी धोकादायक असल्याने पाळणाघर तेथे चालवणे उचित नाही. योग्य जागा उपलब्ध होईपर्यंत ते बंद ठेवावे.' त्याखाली एक वाक्य होतं, 'देखरेखीतील कसूर पाहता.' मी ताडकन म्हणालो, हे चालणार नाही. माझ्या वहिनी आहेत त्या, कसूर शब्द मी खपवून घेणार नाही. काका म्हणाले, मग काय लिहू? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्यांनी माघार घेतली. 'देखरेखीतील मर्यादा पाहता' असं केलं.

मी सही केली.

वाद घातला नसता तर वहिनींवर ठपका आला असता. तेवढं तरी मी वाचवलं, हे इथे लिहून ठेवतो.

९ एप्रिल

सभा. अहवाल एकमतानं स्वीकारला. अध्यक्षांनी माझ्या अभ्यासू वृत्तीचा उल्लेख केला. उपसमितीचं आता कायमस्वरूपी बालकल्याण समितीत रूपांतर झालं, खोली तीच. आडभिंत काढायचा वेगळा विषय होता, तो काकांनी वाचला असं समजायला लावला.

१२ एप्रिल

वहिनी सामान न्यायला आल्या. सोबत सगळ्या बायका होत्या. पाळणे, गोधड्या, दुधाची भांडी, रंगीत लाकडी ठोकळे. ते सगळं झाडूच्या ढकलगाड्यांवर लादलं. मी टेबलामागे बसलो होतो. दोन माणसं नळजोडासाठी आली होती, त्यांच्याशी बोलत राहिलो. वहिनी एकदा आत आल्या, नळावरची बादली घेतली, नळ घट्ट केला आणि गेल्या. नळ गळतो तो, घट्ट करावा लागतो.

ही घरी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हटलं, "तू तरी समजून घे." म्हणाली, "मी समजूनच घेतलंय. म्हणून तर गप्प आहे."

२८ एप्रिल

वहिनींनी पोरं स्वतःच्या घरी ठेवायला सुरुवात केलीय. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, पुढे चिंचोळी गॅलरी. सगळी नाहीत, सात-आठ असतील. ऐकून जीव भांड्यात पडला. पोरांची सोय झाली, वहिनींचा वेळ जातो, कुणाचंच वाईट झालं नाही म्हणायचं. मी हिला म्हणालो, एक पंखा पाठवून देतो त्यांच्याकडे. ही म्हणाली, "पाठवू नका. घेणार नाहीत त्या."

ही अजून रोज पहाटे फिरायला जाते. हिला एवढा चालायचा सोस कधी लागला कळत नाही. येते तेव्हा पदराला दुधाचा वास असतो.

१६ मे

वहिनींच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं तक्रार केली. पहाटे बायकांची ये-जा, पोरांची रडारड. अर्ज अध्यक्षांकडे गेला, त्यांच्याकडून मुख्याधिकाऱ्यांकडे आणि तिथून माझ्या टेबलावर. काका म्हणाले, "बालकल्याण तुमच्याकडे आहे, विषय तुमच्याच खात्यातला. परवानगीशिवाय पाळणाघर चालवता येत नाही. उद्या तिथे काही झालं तर यावेळी तुम्हाला कोण वाचवणार?"

मी म्हणालो, "परवानगी देऊन टाकू की."

"द्या ना. नियमाप्रमाणे जागा तळमजल्यावर हवी, स्वतंत्र नळ हवा, हवा खेळती हवी." मग म्हणाले, "तुमच्या खोलीसारखी."

नोटीस टाईप होऊनच आली होती. मी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही सही केली असती. कदाचित हसत हसत केली असती. मी हसलो नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं की मी स्वतः नेऊन देणार आहे. शिपायानं नेली तर वहिनींना अपमान वाटेल, घरच्या माणसानं समजावून दिली तर गोष्ट वेगळी.

ही म्हणाली, "शिपायालाच पाठवा. निदान त्याला लाज वाटेल."

१७ मे

सगळं लिहितो. वकील म्हणाला होता, टिपून ठेवावं.

कचेरीच्या आधी गाठावं म्हणून पहाटेच गेलो. दार उघडं होतं. बायका पोरांना सोडायला आल्या होत्या, गॅलरीत दाटीवाटीनं उभ्या होत्या. मी आत डोकावलो तर स्टोव्हपाशी ही बसलेली. मांडीवर एक पोर, हातात वाटी-चमचा. माझ्याकडे बघितलं आणि पोराच्या तोंडात चमचा घातला. मला बघून थांबली नाही. रोज इथेच येत होती तर. मला आपलं वाटत होतं, तब्येतीसाठी.

वहिनी बाहेर आल्या, हात पुसत. "या भावजी. चहा घेणार?" त्यांनी असं विचारायला नको होतं.

मी पाकीट पुढे केलं. म्हणालो, "मागाहून निवांत वाचा."

"माझा चष्मा सापडत नाही. तुम्हीच वाचून दाखवा."

"नंतर बोलू ना, वहिनी."

"नाही, वाचा. मोठ्यानं वाचा, मागे बायका उभ्या आहेत. त्यांच्याही पोरांचं आहे ते."

मी वाचलं. 'आपणास या नोटिशीद्वारे कळवण्यात येते की आपण विनापरवाना...' आवाज खालीच ठेवला होता. कुणीतरी मागून म्हणालं, ऐकू येत नाही, म्हणून परत पहिल्यापासून वाचावं लागलं. दंड, कारवाई, सात दिवसांची मुदत, सगळं वाचलं. शेवटी 'सभापती' आलं आणि मी थांबलो.

"खाली नाव आहे का?" वहिनींनी विचारलं.

"आहे."

"तेही वाचा."

मी माझं नाव वाचलं. बायकांमधून कुणी शिवी देईल, कुणी रडेल असं वाटलं होतं. कुणी काही केलं नाही. एकीनं पुढे होऊन आपलं पोर उचललं, मग दुसरीनं. वहिनी म्हणत होत्या, अगं सात दिवस आहेत अजून, आज तरी ठेवा. उंच बाई म्हणाली, "नको मावशी, तुमच्यावर आणखी काही यायला नको." तिनं मुलीला कडेवर घेतलं. मुलीच्या पायात जाड बूट होता, एकाच पायात. बायका माझ्या बाजूनं, भिंतीला चिकटून, एकेक करून जिना उतरल्या. मला धक्का लागू नये अशी काळजी घेत होत्या. जिना अरुंद आहे.

खोली रिकामी झाल्यावर वहिनी खाली बसल्या. मोकळी गोधडी घडी घालायला लागल्या. मी म्हणालो, "वहिनी, माझा नाइलाज होता." त्यांनी गोधडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. ही स्टोव्ह बंद करत होती. मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी आज इथेच राहीन."

मला माझा राग येतोय, असं लिहायला हवं. येतोय. पण त्याहून जास्त राग मला त्या सगळ्यांचा येतोय, की त्या काहीच का बोलल्या नाहीत. हे लिहिणंही किती नीच आहे ते मला कळतंय. कळून काय उपयोग, असं ही म्हणेल. आज विचारायला ती घरी नाही.

कचेरीत गेलो नाही. दुकान उघडलं. कामात लक्ष लागेना म्हणून बाहेर पायरीपुढे जाऊन उभा राहिलो. रस्त्यानं उंच बाई झाडत येत होती. ढकलगाडीत कचऱ्याच्या पोत्यावर तिनं मुलीला बसवलं होतं, बुटाचा पाय बाहेर लोंबत होता. मुलगी ठोकळ्यानं गाडीच्या पत्र्यावर ठकठक करत होती. मला वाटलं काहीतरी बोलावं. काय बोलणार होतो ते अजूनही सुचत नाही.

ती माझ्यापाशी येऊन थांबली. झाडू हातात तसाच. "साहेब," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा. एवढं झाडायचं राहिलंय."

मी बाजूला झालो.